बायकांची बाजू

२७ ऑक्टोबर

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात दिवसभर औषधाचे थेंब घालावे लागतात, ते तिचं तिला जमत नाही, म्हणून मी भोरला आले आहे. शौनकला हे पटायला वेळ लागला. पुण्याहून बाई पाठवू, म्हणाला. शेवटी हो म्हणाला, पण आईला बरं वाटलं की लगेच परत यायचं असं ठरलं आहे.

डायरी पुन्हा सुरू केली. पुण्याला लिहीत नव्हते. शौनकला माझ्या लिहिण्याची गंमत वाटायची, मित्र आले की तो त्यातलं मोठ्यानं वाचून दाखवायचा, म्हणून सुटली.

संध्याकाळी मानसिंगकाका आले. बाबा आता नाहीत; काका त्यांचे शाळेपासूनचे मित्र, नीरा टॉकीजचे मालक. टॉकीज करोनात बंद पडली ती पडलीच. काकांच्या मुलाला ती पाडून तिथं मंगल कार्यालय बांधायचं आहे. काकांनी त्याच्याकडे येत्या उन्हाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली आहे. तोवर सिनेमा पुन्हा चालला तर ठीक, नाही तर पाडायची.

"तू आर्किटेक्ट आहेस. काय काय करावं लागेल ते जरा बघून सांग," म्हणाले.

मी सांगितलं की लग्नानंतर मी काम सोडलेलं आहे. साइटच्या दगदगीत माझा गोंधळ होतो, मी गोष्टी विसरते, असं शौनकचं निरीक्षण आहे आणि ते बहुधा बरोबर असावं. काका म्हणाले, "तू कधीपासून विसरायला लागलीस?" आईनं चहाचे कप उचलले आणि म्हणाली, "येईल ती. उद्यापरवा येईल."

मला कुणी विचारलं नाही, पण नाही म्हणायलाही काही कारण नव्हतं.

३० ऑक्टोबर

टॉकीज पाहिली.

बाहेरून ती बाजारपेठेतल्या कुठल्याही जुन्या इमारतीसारखी दिसते, फक्त कपाळावर सिमेंटमध्ये कोरलेलं नाव आणि त्याच्या दोन्ही अंगांना उगवत्या सूर्याची किरणं. तिकिटाची खिडकी हात जेमतेम आत जाईल एवढीच. तिची फरशी लोकांच्या मनगटांनी झिजून बशीसारखी खोलगट झाली आहे. आत पुढं बाकडी, मागं सागवानी खुर्च्या, वर छोटी बाल्कनी. दगडी भिंती चांगल्या जाड. छताचे पत्रे फुटले आहेत, कबुतरं आहेत, पण छत पेलणाऱ्या कैच्या शाबूत आहेत. मशीनरूममध्ये जुनं यंत्र अजून उभं आहे. आता डिजिटल प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो, पण हे यंत्र काढायचं नाही, काच लावून तिथंच ठेवायचं, असं मी सुचवलं. काका बरं म्हणाले.

एक गोष्ट मात्र खटकली. हॉलच्या उजव्या अंगाला, पडद्यापासून मागच्या दारापर्यंत, छातीइतकी उंच भिंत आहे. तिच्यावर लोखंडी कांब. पलीकडं बायकांची बाजू. तिला वेगळं दार, ते बाजाराच्या गल्लीत उघडतं. पूर्वी कांबीवर पडदा असायचा. इंटरव्हलला दिवे लागले की तो ओढायचा, अंधार झाला की सारायचा. म्हणजे बायकांनी सिनेमा बघायचा, पण सिनेमाला आलेल्या बायका कुणी बघायच्या नाहीत.

अशा गोष्टी जपण्यात अर्थ नाही. जुनं म्हणजे सगळंच चांगलं नसतं. भिंत काढली तर खुर्च्याही वाढतील. कच्च्या आराखड्यात तसंच दाखवलं.

४ नोव्हेंबर

मोजमापं घेते आहे. काम बरं चाललं आहे. हात अजून विसरलेला नाही.

एक अडचण. टॉकीजच्या आत फोनला रेंज येत नाही, बायकांच्या बाजूला तर अजिबातच नाही. भिंतींच्या जाडीमुळं असावं. शौनकला माझं लोकेशन त्याच्या फोनवर दिसतं, ते दुपारभर दिसेनासं झालं आणि तो घाबरला. बाहेर आले तेव्हा स्क्रीनभर मिस्ड कॉल. व्हिडिओ लावायला सांगितला, फोन चारी बाजूंना फिरवून दाखवला, मग शांत झाला. काळजी असते त्याला. दर थोड्या वेळानं गल्लीत येऊन फोन बघायचं असं ठरवलं आहे.

६ नोव्हेंबर

काल आतल्या मोजमापात रमले आणि बाहेर यायचं राहून गेलं. शौनक संध्याकाळी बोलला नाही. आज सकाळीही नाही. न बोलणं हा त्याचा स्वभाव आहे, ओरडत नाही कधी. चूक माझीच.

१२ नोव्हेंबर

हनुमंत गवंडी दोन माणसं घेऊन भिंत पाडायला आला. मी पोचले तेव्हा काम सुरूच झालेलं नव्हतं. भिंतीला टेकून, पाय पसरून, एक म्हातारी बसली होती. मोठं कुंकू, काष्ट्याचं लुगडं. शेजारी भाजीची पाटी.

"ताई, ह्या उठंनात," हनुमंत म्हणाला. "आमी काय करावं?"

काकांनी ओळख करून दिली. या बनाबाई. बायकांच्या दारावर वर्षानुवर्षं डोअरकीपर होत्या. टॉकीज बंद पडल्यापासून त्याच गल्लीत भाजी विकतात.

मी त्यांना शांतपणे समजावलं. आता काळ बदलला आहे, बायका कुठंही बसू शकतात, त्यांना कोंडून ठेवायची गरज नाही.

"कोंडलं कुनी व्हतं?" बनाबाईंनी विचारलं.

"ही भिंत त्यासाठीच बांधली ना, मावशी?"

"कशासाठी बांदली त्ये बांदनाऱ्याला ठावं. आमी हितं चपला काडून मांडी घालून बसायचो. पोरं पाजायचो. पदर कुटं हाय त्ये बगायचं न्हाई. रडू आलं तर रडायचं, हसू आलं तर दात काडून हसायचं. घरात आसं कुटं बसायला मिळतंय ग?"

"पण आता कुणी अडवत नाही हसायला."

त्या पाटी जवळ ओढत म्हणाल्या, "तुला कुनी आडवत न्हाई?"

मी म्हटलं, नाही. त्याच वेळी आठवण झाली म्हणून फोन बघायला गल्लीत गेले. परत आले तर हनुमंत सामान आवरत होता. काकांनी आजच्यापुरतं काम थांबवलं.

१३ नोव्हेंबर

बनाबाईंशी पुन्हा बोलले. एखाद्या वास्तूचा काही भाग पाडायचा तर तो वापरणाऱ्यांचं म्हणणं टिपून ठेवावं, ही चांगली पद्धत आहे, एवढंच कारण. त्या भाजी निवडत होत्या, मीही मेथी निवडायला घेतली.

त्यांचं म्हणणं असं की साऱ्या गावात पुरुषाला बाई अडवू शकते असं ते एकच दार होतं. "पाटील येऊ दे, फौजदार येऊ दे. हितं बाप्यांना येता येत न्हाई म्हनलं की संपलं. मालकांचा हुकूमच तसा. माजा नवरा एकदा दारू पिऊन आला मला न्यायला. त्याला बी म्हनलं, खेळ सुटल्यावर भेटा."

"मग?"

"मग काय? बसला पायरीवर. खेळ सुटंपातूर उतरली त्याची."

हसल्या. मलाही हसू आलं.

१९ नोव्हेंबर

बाजाराचा दिवस. बनाबाईंनी निरोप धाडलेला दिसतो. भात कापणी उरकलेली, वेल्ह्याकडच्या बायका बाजाराला आलेल्या. त्यातल्या पुष्कळ जणी टॉकीजमध्ये शिरल्या आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसल्या. पडद्यावर काही नव्हतं, पडदाच नव्हता. तरी बसल्या. काही जणींनी भाकरीची फडकी सोडली.

पासलीच्या अंबूबाई म्हणून एक आजी आहेत. त्यांनी सांगितलेली हकिगत इथं लिहून ठेवते. जागेचा असाही वापर होत असे, हे नोंदवण्यासारखं वाटतं.

त्यांचं माहेर पासली, सासर किकवी. लग्न लहान वयात झालं. नवरा मारायचा. "रोज न्हाई," त्या म्हणाल्या, "पन आज मारंल का न्हाई ह्ये रोज बगायला लागायचं. त्यो घरात आला की पाऊल कसं वाजतंय त्येच्याकडं ध्यान."

एके दिवशी बाजाराला निघालेल्या बायकांबरोबर त्या भोरला आल्या आणि परत जायचं नाही असं ठरवलं. पण पासलीला जाणारी एसटी सकाळीच गेलेली. तेवढ्यात नवरा स्टँडवर शोधत आल्याचं कुणीतरी सांगितलं. बनाबाईंनी त्यांना आत घेतलं. दुपारचा खेळ, तिन्हीसांजेचा खेळ, दोन्ही खेळ त्या तिथंच बसून राहिल्या. नवरा दारात येऊन गेला. बनाबाईंनी त्याला आत काही पाऊल टाकू दिलं नाही. मधल्या वेळात बनाबाईंनी वेल्ह्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी थोरला भाऊ येऊन बहिणीला घेऊन गेला. ती रात्र त्या बनाबाईंच्या खोलीवर होत्या.

"पुन्हा नांदायला गेलात?"

"न्हाई. भावांनी वावराचा तुकडा दिला, भात लावलं, खाल्लं. झालं की सारं." मग म्हणाल्या, "पिक्चर मातर लई ग्वाड व्हता. दोनदा बगिटला."

मला जाणवलं की अंबूबाई नवऱ्याबद्दल सांगताना आवाज चढवत नव्हत्या. अशा बायकांचं आयुष्य खरोखर कठीण होतं. हल्ली निदान शिकलेल्या घरांत असं राहिलेलं नाही.

घरी आले तेव्हा शौनकचे फोन येतच होते. अंबूबाईंची हकिगत त्याला सांगितली नाही. सुचलं नाही सांगायला.

२१ नोव्हेंबर

भिंत ठेवायचं ठरवलं. काकांना कारणं सांगितली: एक, ती मूळ आराखड्याचा भाग आहे; दोन, गल्लीचं दार आगीच्या वेळी बाहेर पडायला उपयोगी, ते तसंही ठेवावं लागणार. मोठ्या बाजूला कुणीही बसावं, बाया, बाप्ये, जोडीनं, कुटुंबानं. पलीकडची बाजू फक्त बायकांसाठी.

काका म्हणाले, "पोरगा म्हणेल, हे काय जुनाट?"

"एसटीत महिलांची सीट असते. तिला कुणी जुनाट म्हणत नाही."

"हे तू मला सांगतेस? गेल्या आठवड्यात तूच भिंत पाडायला निघाली होतीस."

मी म्हटलं, विचारपूर्वक मत बदललं आहे. ते हसले. कांबीवर पडदाही लावून घेऊ म्हणाले, चांगल्या जाड कापडाचा.

१ डिसेंबर

छताचे पत्रे बदलले. कबुतरं दोन दिवस घिरट्या घालून गेली.

आईच्या डोळ्याला अजून थेंब लागतात. डॉक्टरांनी वाढवून दिले आहेत म्हणाली, आता तिचे तीच घालून घेते. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाली, एकटीच दवाखान्यात जाऊन आली. मघाशी खिडकीत बसून सुईत दोरा ओवताना दिसली. पहिल्याच वेळी ओवला. नजर चांगली सुधारते आहे.

७ डिसेंबर

शौनक आला. सगळ्यांसाठी मिठाई आणली होती. काकांना भेटला, टॉकीज पाहिली, कौतुक केलं. तो माणसांशी फार छान बोलतो. निघताना काकांना म्हणाला, "हिची ड्रॉइंग्ज कुणाकडून तरी तपासून घ्या हं. ही विसरते. तिचा दोष नाही, डोक्याला ताण सहन होत नाही."

काका म्हणाले, "हनुमंताला तर एकदाही विचारायला परत यावं लागलं नाही."

शौनक हसला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. हनुमंत तिथंच होता, तो पहारीला चिकटलेला चुना खरवडत बसला. गल्लीच्या दाराशी बनाबाई उभ्या होत्या. त्यांना मी शौनकची ओळख करून दिली. त्यांनी नमस्कार केला, पण त्याच्याकडे न बघता माझ्याकडेच बघत होत्या. वयानं नजर अशी होत असावी.

तो मला बरोबर न्यायलाच आला होता. आईनं सांगितलं की तिच्या डोळ्यातलं प्रेशर वाढलं आहे आणि संक्रांत होईपर्यंत डॉक्टर एकटं राहू देत नाहीत. हे मला तिनं सांगितलं नव्हतं. शौनकनं डॉक्टरांचं नाव विचारलं. आईनं सांगितलं, आणि चष्मा काढून डोळे टिपले. आई पूर्वी कोर्टात कारकून होती. ती बोलते तेव्हा समोरच्याला उलट विचारणं अवघड जातं.

तो एकटा परत गेला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण जेवताना भूक चांगली लागली.

२४ डिसेंबर

फरशी घासून निघाली. खालून लाल-पांढरी नक्षी आली आहे. इतकी वर्षं ती मळाखाली होती. बाकड्यांना पॉलिश नको, नुसतं तेल, असं सुचवलं. कुणीतरी खिळ्यानं कोरलेली नावं तशीच ठेवली आहेत.

शौनक म्हणतो, जानेवारीत घर बदलू. हिंजवडीच्या पुढं, मोकळ्यावर. तिथं माझं येणंजाणं राहणार नाही म्हणजे दगदग नाही. त्याच्याच ऑफिसच्या गाडीनं बाजारहाट होईल. माझं कार्ड त्याच्याकडेच असतं, त्यामुळं तोही प्रश्न नाही. ठीक आहे म्हटलं.

नंतर बायकांच्या बाजूला जाऊन बसले. काही काम नव्हतं. प्लास्टर वाळलं का ते पाहायचं होतं. बराच वेळ बसले असावे, कारण हनुमंत कुलूप लावायला आला तेव्हा दिवेलागण झाली होती.

११ जानेवारी

भाड्याचा प्रोजेक्टर बसला. चाचणी घेतली. पडद्यावर नुसता पांढरा प्रकाश आला तरी सगळे उठून उभे राहिले. हनुमंतानं हात जोडले.

आई टॉकीज बघायला आली. मी काकांबरोबर मशीनरूममध्ये होते. वरच्या झरोक्यातून पाहिलं तर ती आणि बनाबाई गल्लीच्या दाराजवळ पायरीवर बसून बोलत होत्या. आई फोनमध्ये काहीतरी दाखवत होती, फोटो असावा, बहुधा आमच्या लग्नातला. बनाबाई फोन डोळ्यांपाशी धरून नीट बघत होत्या. खाली आल्यावर काय बोलत होतात विचारलं तर आई म्हणाली, "हळदीकुंकवाचं."

१८ जानेवारी

आज टॉकीज सुरू झाली.

दुपारचा खेळ. संक्रांतीनंतरचे हळदीकुंकवाचे दिवस, म्हणून काकूंनी बायकांच्या दारात तिळगूळ आणि वाण ठेवलं होतं. भोरातल्या बायका आल्या, पासलीहून अंबूबाई टेम्पो भरून बायका घेऊन आल्या, नसरापूरच्या काही आल्या. त्यांची बाजू भरून गेली. मोठी बाजू निम्मीच भरली, पण काकांनी त्याची अपेक्षा ठेवलीच होती. त्यांचा मुलगा मागं उभा राहून सगळं बघत होता. जुना मराठी कृष्णधवल चित्रपट होता. घंटा झाली, दिवे गेले, पडदा सारला.

मी आईशेजारी, भिंतीलगत बसले होते.

चित्रपट सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. गल्लीचं दार उघडलं आणि उजेडाचा पट्टा आत आला. शौनकचा आवाज ऐकू आला. तो येणार आहे हे मला माहीत नव्हतं.

"माझी मिसेस आत आहे. शुभ्रा."

"आसंल की," बनाबाई म्हणाल्या. "लई जनी हायत आत."

"तिला बाहेर पाठवा. महत्त्वाचं आहे."

"कुनी आजारी हाय? कुनी गेलंय?"

"नाही. पण मला तिच्याशी बोलायचंय. फोन लागत नाहीये तिचा."

"हितं कुनाचाच लागत न्हाई. खेळ सुटल्यावर भेटा. न्हाईतर म्होरल्या दारानं तिकीट काडा आन् तिकडं बसा. हितं बाप्यांना येता येत न्हाई."

"मावशी, मी तिचा नवरा आहे." आवाज अगदी मऊ होता. हा आवाज मला ओळखीचा आहे. तो ऐकला की मी उठते.

आज उठले नाही. का ते मला सांगता येत नाही. पाय उठायला तयार होते. मी पाठ भिंतीला टेकवली. आई पडद्याकडे बघत होती, तिनं मान वळवली नाही, फक्त माझ्या मांडीवर हात ठेवला. पडद्याच्या उजेडाचा डोळ्यांना त्रास होईल असं ती सकाळी म्हणत होती, पण एकटक बघत होती.

मग बनाबाई म्हणाल्या, "दार लावते. आत उजेड येतोय." दार लागलं.

मी सबंध चित्रपट पाहिला. इंटरव्हलला दिवे लागले, पडदा ओढला, कुणीतरी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. बाहेर गेले नाही.

खेळ सुटल्यावर गल्लीत आलो. शौनक गाडीला टेकून उभा होता.

"चल," तो म्हणाला. "बॅग मी मागनं मागवून घेतो."

मी म्हटलं, "मी येत नाही."

"बरं. उद्या येतो मग."

"उद्या नाही. मी येत नाही, शौनक."

तो हसला. "हे कुणी शिकवलं तुला?"

कुणी नाही, असं मी सांगितलं आणि ते खरंच होतं. तो एक पाऊल पुढं आला आणि माझा दंड धरला. जोरात नाही. अंबूबाईंनी विचारलं, "पावनं कुटलं म्हनायचं?" तेव्हा त्यानं आजूबाजूला पाहिलं. बायका टेम्पोकडे जायच्या ऐवजी तिथंच उभ्या होत्या. वाणाच्या वाट्या हातात, डोईवर पदर. गल्ली अरुंद आहे, त्यामुळं गर्दी जास्त वाटते. हनुमंत पुढच्या दारानं वळून आला आणि गाडीपाशी थांबला. आई माझ्या मागं होती.

"पुण्याचा," शौनक म्हणाला. दंड सोडला. मग गाडीत बसून गेला.



२० जानेवारी

फोनवरचं लोकेशन बंद केलं. मला कसं करायचं ते माहीत नव्हतं. आईनं करून दिलं. तिला हे येतं याचं मला आश्चर्य वाटलं. वाढवून दिलेल्या थेंबांची बाटली कपाटात दिसली, सील न फोडलेली. मी कपाट पुन्हा लावलं.

२ फेब्रुवारी

शौनकचे रोज मेसेज. आधी माफी, मग धमकी, मग पुन्हा माफी. आई म्हणाली, पुसू नकोस, ठेव. तिच्याबरोबर कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, मारहाण? मी म्हटलं, नाही. मग कसा त्रास होता, सांगा. मी सांगायला लागले. लोकेशन, कार्ड, डायरी, न बोलणं. मध्येच थांबले, कारण आपण किती वेळ बोलतो आहोत हे लक्षात आलं. वकीलबाई लिहीतच होत्या. "बोला," म्हणाल्या.

परतताना एक विचार मनात आला. अंबूबाईंनी त्यांची हकिगत जशी सांगितली, तशीच मी माझी सांगत होते. आवाज न चढवता.

१७ फेब्रुवारी

काकांच्या मुलानं हिशेब न बघता एवढंच म्हटलं की पाडायचं पुढच्या वर्षी बघू. बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ चालतो, इतर दिवशी माणसं तुरळक. काका म्हणतात, पुढच्या वर्षीपर्यंत काहीतरी सुचेल. साताऱ्याकडच्या एका बंद टॉकीजच्या मालकांनी मला बघायला बोलावलं आहे. शनिवारी जाणार आहे.

३ मार्च

आज बाजाराचा दिवस. काकांनी पहिल्या दिवसाचाच चित्रपट पुन्हा लावला होता, लोकांनी मागणी केली म्हणून. मी तो पाहिलेला आहे, तरी बनाबाईंनी बोलावलं म्हणून आत जाऊन बसले. त्या दिवशी मी तो शेवटपर्यंत पाहिला होता, हे याच डायरीत लिहिलं आहे.

चित्रपट सुरू झाला आणि शेजारच्या बाया हसायला लागल्या. नायक कावडीनं पाणी आणताना घसरतो, पाटलाच्या अंगावर पडतो, तिथं सगळी बाजू हसत होती. एक आजी हसता हसता ठसकल्या, बनाबाईंनी त्यांच्या पाठीवर थापट्या दिल्या. मला हे काहीच आठवत नव्हतं. ना कावड, ना पाटील, ना ही गाणी. चित्रपट विनोदी आहे हेही मला आज कळलं.

चपला काढून मांडी घातली. पुढचा प्रसंग आला तेव्हा मीही हसले. बरीच हसले.